बांधाचा ढोल

नांदखार, १४ नोव्हेंबर १९२७

भागोजी,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते लिहून कागद अडवत नाही. अंबाजी परवा मुंबईहून आला. त्याच्याकडून कळलं की तू परळला राहतोस, गिरणीत लागलास, मनगट सांधलंय, आणि भेटेल त्याला सांगत असतोस की मुसलमानांनी देवीचा ढोल फाडला आणि गाव बघत राहिलं. कासम उकये देवळापुढे नाक घासेल तेव्हाच गावात पाऊल टाकीन, असंही म्हणालास म्हणे. बरं. मोठी बहीण असले तरी मी तुझी समजूत घालायला बसलेली नाही. पण तू अर्धंच सांगतोस, आणि उरलेलं अर्धं तुला ठाऊकही नाही, कारण तू दोन दिवसांत गाठोडं बांधून गेलास. आबांनी मला लिहायला शिकवलं ते पोथीसाठी. ते असं कामाला येतंय.

त्या शुक्रवारी भर दुपारी उधाण चढलं, उघाडीच्या तोंडाशी समुद्र अडवणारी झडप निखळली आणि शेजारचा बांध खचायला लागला. तू ते पाहिलंस, देवळातला ढोल गळ्यात घातलास आणि बांधावरून वाजवत सुटलास. गुरवाचं कामच ते. आबांनी केलं, आज्यानं केलं. तो घाईचा ठोका ऐकला की हिंदू असो, मुसलमान असो, प्रत्येक घरातून फावडं आणि घमेलं बाहेर पडायचं. तू आणि कासमनं लहानपणी रॉकेलच्या डब्यावर तोच ठोका वाजवून अख्खा गाव फुकट पळवला होतात आणि आबांनी एकाच काठीनं दोघांना झोडलं होतं, ते तरी आठवत असेल.

पण चैत्रापासून या गावात ढोलाचा एकच अर्थ उरला होता. दरवर्षी चैत्रात देवीची पालखी बांधावरून मशिदीपाशी आली आणि आत नमाज चालू असली तर ढोल गप्प व्हायचा, मशिदीत प्रवचन करणाऱ्या बावामियां खतीबांच्या घरून भोयांना पाण्याची कळशी यायची, नमाज संपली की पालखी पुढे. कुणी ठरवलं नव्हतं, चालत आलं होतं. यंदा अलिबागच्या शहाण्यांनी आपल्या रावजी पाटलाला सांगितलं की ढोल तिथेच वाजवायचा. मुंबईच्या शहाण्यांनी मुसलमान आळीतल्या पोरांना सांगितलं की ढोल पुढे जाऊ द्यायचा नाही. वाजला, दगड आले, शहाणे आपापल्या गावी गेले.

तर श्रावणात तू ढोल बडवत मशिदीसमोर आलास, तेव्हा आतल्यांना वाटलं, जुम्म्याचा दिवस साधून भांडायला आले. कासम बाहेर आला, ढोलात गुडघा घातला, तुझा हात पिरगळला. एवढं तू सांगतोस. आता पुढचं ऐक. मशिदीकडून ढोल ऐकू आला आणि एकदम थांबला, तेव्हा आपल्या आळीला वाटलं, लागली मारामारी. सगळे धावले. काठ्या घेऊन, कोयते घेऊन, एकानं तर मुसळ आणलं होतं. त्यांच्याकडचेही तसेच. सगळा गाव बांधावर उभा होता आणि फावडं एकाच्याही हातात नव्हतं. पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत शिरलं.

भात गेलं. देवीचं गेलं, पाटलाचं गेलं, खतीबांचं तर सगळ्यात सखल, त्यांच्या शेतात होडी चालली असती. दसऱ्यानंतर दोन्हीकडच्यांनी बांध घालायला घेतला, पण आपापल्या टोकाकडून. मधे उघाडीपाशी भगदाड तसंच, कारण तिथे झडप बसवायची तर एकानं धरायची आणि दुसऱ्यानं ठोकायची, आणि धर म्हणायला तोंड कुणाचं उघडत नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरा समुद्र आहे.

हात शेकत जा. तेल कोमट असावं.

येसू

नांदखार, २० मार्च १९२८

भागोजी,

तुझं उत्तर नाही. नसू दे, मला बोलायला समोर माणूस लागतंच असं नाही, हे तू जाणतोस.

पौषात इथे ऐक्याची सभा झाली. अलिबागहून एक वकील, मुंबईहून एक मौलवी. वकील म्हणाले, सगळ्या नद्या शेवटी एकाच समुद्राला मिळतात. मौलवी म्हणाले, सगळी माणसं एकाच बापाची लेकरं. टाळ्या झाल्या. समुद्र तेव्हा आपल्या शेतातच होता, त्यामुळे मला नद्यांचं फार कौतुक वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी रावजी पाटील आणि बावामियां खतीब पाणंदीत समोरासमोर आले आणि दोघंही निवडुंगात उतरले, पण एकमेकाला वाट मागितली नाही.

मग एलोजी तेल्यानं बोलावलं. शनिवार तेल्यांचं, त्या बेने इस्रायल यहुद्यांचं, तुला सांगायला नको, शनिवारी घाणा बंद, चूलसुद्धा पेटत नाही. एरवी त्या घाण्याच्या करकरीत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून शनिवार. एलोजी दोन्ही आळ्यांत फिरून म्हणाला, "मी देवळात जात नाय, मशिदीत जात नाय. माझं भात मात्र तुम्हा दोघांच्या पायी गेलं. अंगणात येऊन बसा." त्याची दोन शेतं बांधाखाली आहेत, त्याला नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं?

पुरुष अंगणात, आम्ही बायका फणसाखाली. पहिल्या शनिवारी प्रत्येकानं आपलंच दुखणं सांगितलं. दुसऱ्या शनिवारी तेच दुखणं मोठ्या आवाजात. तुझा ढोल आणि तुझा हात आपल्याकडच्यांनी इतक्यांदा पुढे केला की मला वाटलं, तू मेलायस. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं फिरलं. मी तिथूनच म्हणाले, "तुमचं तुम्ही पुष्कळ सांगितलंत. आता खतीबचाचांनी आमचं सांगावं आणि पाटलांनी त्यांचं. पलीकडचा हो म्हणेपर्यंत कुणी खाली बसायचं नाही." विधवा बाई पुरुषांत बोलली म्हणून दोघंतिघं गुरगुरले. एलोजीनं उठून अंगणाचा झापा लावून घेतला, कुणी निघून जाऊ नये म्हणून.

पाटील उभा राहिला. म्हणाला, त्यांना आपल्या देवीचा विटाळ व्हतो. खतीबांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, त्यांना ढोलाचा आवाजच सोसत न्हाय. खतीब म्हणाले, आमच्या लग्नात काय मुक्यानं वरात काढतो? पाटील घामाघूम झाला. आणखी एकदोन कारणं काढली, तीही चुकली. आणि मग, भागोजी, आजवर या गावात कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. त्यानं विचारलं. "मंग नेमकं काय व्हतं तुम्हास्नी? सांगा तरी."

खतीबचाचांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "पाटील, नमाजेत कपाळ जमिनीला टेकलेलं असतं. पाठीमागं काय येतंय ते दिसत नाय, मान वर करता येत नाय. आजवर मागून यायचा तो ढोल ओळखीचा होता. गेल्या चैत्रात मला पैल्यांदा माझ्या पाठीची भीती वाटली."

खतीबांची पाठ आता पार वाकलीय, तू पाहिलीस तर ओळखणार नाहीस.

मग त्यांची पाळी. ते उभे राहून म्हणाले, पालखी तुम्ही गाव कुणाचं ते दाखवायला काढता. आपली पोरं उसळली. पाटील पायाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "त्या खेपेला तसंच व्हतं. खोटं कशाला बोलू." एवढं म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. त्यानं सांगितलं की देवी वर्षातून एकदा बांध बघायला निघते, प्रत्येक शेतापाशी थांबते, शेतवाल्यानं तिथे येऊन उभं राहावं म्हणून ढोल. खतीबांच्या शेतापाशीसुद्धा थांबते. खतीब चकित झाले. त्यांना जन्मभर वाटत होतं की भोई तिथे खांदा बदलतात. त्यांच्या बायकोनं माझ्या कानात विचारलं, मग आम्ही तिथं उभं राहायला पाहिजे होतं का गं? मी काय सांगणार? म्हटलं, पाण्याची कळशी पाठवत होतात तेवढं पुरे होतं.

आता बांध घालता येईल हे सगळ्यांना दिसलं. पण खरी अडचण ती नव्हतीच. बांध माती आहे, पुन्हा फुटणार. त्या दिवशी कुणाच्या हाकेवर गाव यायचा? ढोल ऐकला की काठी आठवते, ते काय शनिवारी अंगणात बसून पुसलं जातं? यावर संध्याकाळ झाली. शेवटी ठरलं ते असं. नुसता ढोल म्हणजे पालखी. नुसती बांग म्हणजे नमाज. पण ढोल वाजतोय आणि मशिदीच्या पायरीवरून कुणी "बांध, बांध" अशी हाकही देतोय, असं दोन्ही एकदम आलं तरच बांध फुटलाय असं समजायचं आणि फावडं उचलायचं. एकट्याच्या हाकेवर कुणी हलायचं नाही.

पाटील म्हणाला, म्हंजे ढोल मशिदीसमोरच वाजवायचा? भांडण तिथंच आलं की. खतीब म्हणाले, समोर नको. पायरीवर वाजवा, हाक देणाऱ्याच्या शेजारी.

हाक देणारा म्हणून त्यांनी कासमला नेमलंय. ढोल फाडला त्यानंच घसा फाडायचा, असं म्हणाले. ढोल कोण वाजवणार ते कुणी बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी फणसाकडे पाहिलं.

येसू

नांदखार, १२ जून १९२८

भागोजी,

बांध झाला. झडप पाटलानं धरली आणि कासमच्या घरच्यांनी ठोकली. पाटलाचा अंगठा ठेचला, पण तो चुकून ठेचला असं त्यानं स्वतःहून सांगितलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

ढोल मात्र फाटकाच लटकत होता. पावसाच्या तोंडावर बकरी ईद आली. ती झाल्यावर कासम आला, देवळाच्या पायरीखाली उभा राहिला. नाक घासलं नाही, तेही लिहिते, उगाच गोड सांगायची मला सवय नाही. हातात कातडं होतं, मीठ लावून वाळवलेलं. पायरीवर ठेवलं आणि म्हणाला, "मी फाडलं, मीच आणलं. चालेल का ते तुम्ही बघा." आणि तुझा हात कसा आहे ते विचारलं. मी म्हटलं, हात बरा आहे, डोकं अजून सुजलेलं आहे. तो हसला नाही.

मग बसली पंचाईत. ईदच्या बकऱ्याचं कातडं देवीच्या ढोलाला! कौल लावा म्हणाले, देवीची शांत करा म्हणाले, रेवदंड्याच्या भटजींना विचारा म्हणाले. मी म्हटलं, जुनं कातडं कुठलं होतं? आबा ते रेवदंड्याच्या खाटकाकडून आणायचे. तो काय गुरव होता? देवीनं कधी परत पाठवलं नाही. तेव्हा हे जरा घरातलं तरी आहे. पाटलाला हसू आलं आणि त्याचं हसू बघून बाकीचे गप्प बसले. कातडं चढलं. आवाज जरा भरड येतो, पावसात आणखी उतरेल.

वाजवते मी. पाटील म्हणाला, बाईमाणसानं, त्यात तुझ्यासारखीनं देवीचा ढोल गळ्यात घालायचा? मी म्हटलं, मग तुम्ही घाला. तो मान गुरवाचा, पाटलाला हात लावता येत नाही. बसला चूप. ज्याचा मान आहे तो परळला सूत काढतोय.

येसू

नांदखार, २ डिसेंबर १९२९

भागोजी,

तुझं कार्ड आलं. अडीच वर्षांत पहिलं. मी बरा आहे, तू बरी असशील, ढोल कोण वाजवतं? एवढंच. मी तुला दीड वर्षापूर्वीच लिहिलं होतं की मी वाजवते. म्हणजे तू माझी पत्रं न वाचता ठेवतोस, किंवा वाचूनही विश्वास बसत नाही. दोन्ही तुला शोभतं.

शेतातलं मीठ पावसानं हळूहळू उतरतंय. यंदा भात आलं, बुटकं, पण आलं. खतीबांकडून पहिली पायली देवळात आली. चैत्रात पालखी त्यांच्या शेतापाशी थांबली तेव्हा चाचा काठी टेकत येऊन उभे होते. हात जोडले नाहीत, मानही वाकवली नाही, ते त्यांच्या धर्मात बसत नाही आणि कुणी मागितलंही नाही. आपल्या बांधावर आपले उभे राहिले. पालखी हलली तशी घरी गेले.

सगळं गुण्यागोविंदानं चाललंय असं समजू नकोस. गेल्या महिन्यात गुरांवरून जुंपलीच. पण आता जुंपली की एलोजीच्या अंगणात जातात आणि एकमेकांचं म्हणणं सांगायला उभे राहतात. पाटलाला तर त्याची इतकी सवय झालीय की घरी बायकोशी भांडतानाही आधी तिचं म्हणणं सांगतो. ती म्हणते, यापेक्षा पूर्वीचा बरा होता.

कासमची बायको बाळंत झाली, मुलगी. माझे हात अलीकडे दुखतात. ढोल जड आहे रे.

मला तू हवा आहेस, भागोजी. घुमवून फिरवून लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ लिहिलं.

येसू

नांदखार, १३ ऑगस्ट १९३०

भागोजी,

यंदा सगळा देश मीठ उचलायला निघाला आणि आपण आपले शेतातलं मीठ काढत बसलोय. असो. शुक्रवारी काय झालं ते कुणाकडून तरी वेडंवाकडं ऐकशील, म्हणून अंगात ताप असतानाच लिहिते.

हिवतापानं मला आठवडाभर आडवं केलं होतं. पौर्णिमेचं उधाण, जुम्म्याचा दिवस, वारा दक्षिणेकडून. मशिदीत माणसं जमली होती. कासम बाहेर होता, उघाडीपाशी लक्ष ठेवायला. झडपेच्या बाजूनं पाणी फुटलेलं त्यानं पाहिलं आणि पायरीवर येऊन हाक दिली. "बांध! बांध!" मला ती अंथरुणात ऐकू आली. सगळ्या गावाला ऐकू आली. आणि कुणी हललं नाही. ठरलंच होतं तसं. एकट्याची हाक म्हणजे हाक नव्हे. आपल्या आळीतले ओटीवर येऊन ढोलाची वाट बघत उभे राहिले आणि ढोल खुंटीला होता. मी उठायला गेले आणि भिंतीला धरून खालीच बसले. असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, जेवढा त्या वेळी तुझा आला.

कासम धावत आला. देवळाच्या पायरीखाली थांबला, वर चढला नाही. म्हणाला, "येसूबाय, ढोल दे."

मी विचार केला नाही. लोक आता विचारतात, काय विचार केलास, तर काही केला नाही. खुंटीवरून ओढला, उंबऱ्यापर्यंत सरपटत नेला आणि ढकलला. त्यानं तो गळ्यात घातला आणि मशिदीकडे पळाला. तिथे पायरीवर उभा राहून ढोलही तोच बडवत होता आणि हाकही तोच मारत होता. आत खुतबा, जुम्म्याचं प्रवचन, चालू होता. खतीबचाचांनी तो तिथेच थांबवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. आपले तोपर्यंत निम्म्या वाटेवर होते. ठोका येसूबायचा न्हाय, भागोजीचा तर न्हायच, हे पाटलाला तेव्हाच कळलं होतं. पण म्हणाला, घाई खरी व्हती. अंबाजीला विचार, तो सुट्टीवर आला होता. कुणाच्याही हातात काठी नव्हती. मी एकेकाला विचारून खात्री करून घेतली.

पाणी वाफ्यापर्यंत आलं, पण आत शिरलं नाही. भात उभं आहे. भरती उतरल्यावर कासम चिखलानं माखलेला, ढोल गळ्यातच, देवळाशी आला आणि पायरीखाली थांबला. आता काय करायचं ते कुणालाच कळेना. ज्यानं फाडला त्याच्या गळ्यात देवीचा ढोल, वर कातडं ईदचं, आणि देऊळ समोर. पाटील पुढे झाला. गुरवाचा मान, बाकी कुणाला शिवता येत नाही, वगैरे त्याला सगळं पाठ आहे. त्यानं कासमच्या गळ्यातून ढोल काढला, आत आणला आणि खुंटीला लावला. मग मला म्हणाला, "शांत-बिंत काय करायची न्हाय. सांगून ठेवतो."

रात्री कासमच्या घरून माझ्यासाठी कांजी आली. मी त्याला निरोप पाठवला, तुला तो ठोका येत होता कसा? तो म्हणाला, रॉकेलच्या डब्यावर शिकलो होतो, आबांच्या काठीसकट. आणि म्हणाला, भागोजी येईपर्यंत मी वाजवीन, त्याची जागा घ्यायची म्हणून नाही, रिकामी राहू नये म्हणून. मी हे तुला रडवायला लिहीत नाही. त्यानं सांगितलं तसं लिहिलं.

माझे हात आता उठत नाहीत, हे मात्र खरं आहे. वैद्य म्हणतो, ढोल विसरा.

पिठोरी अमावास्येला पुन्हा उधाण आहे. पावसाळा आहे, आगबोट नाही, पनवेलवरून चालत यावं लागेल, तेव्हा निघायचं तर आत्ताच नीघ. नाही आलास तर कासम वाजवेल. आणि खरं सांगते, भागोजी, कालच एलोजीच्या अंगणात तो डब्यावर सराव करत होता. त्याचा हात बसायला लागलाय.

येसू